रक्तातला निरोप

पहिलं वर्षभर मी लोकांना सांगत होतो, की माझं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. केशोरीत तसं ऑपरेशन झालेले दोघे-तिघे होते, त्यामुळे कोणी जास्त खोलात शिरलं नाही. ते खोटं होतं. आता खरं लिहितो आहे, कारण हेच दुखणं असलेली माणसं आसपासच्या गावांत आहेत आणि लाजेपायी ती खाटेवर पडून मरतात. मीही तसाच मरायला निघालो होतो.

माझं नाव श्रावण. केशोरीला आमची धानाची शेती आहे. सातवी पास झालेलो असल्यामुळे गावातल्या लोकांची पत्रं आणि अर्ज मी लिहून देत आलो. पण गाव मला ओळखतं ते बैलांमुळे. बैल पारखायचा असो, नवा गोऱ्हा नांगराला वळवायचा असो की खच्ची करायचा असो, लोक मला बोलवायचे. ऑपरेशन झालं तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं. घरात बायको भागरता, मुलगा वामन, सून आणि दोन नाती.

हाडाच्या आत

छप्पन साली आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात मी खाटेवर पडलो. पण दुखणं त्याच्या कितीतरी आधी आलं असणार. वर्षभर लघवी अडखळत होती. बांधावर उभा राहिलो की बराच वेळ तसाच उभा राहत असे. म्हातारपण आलं असं समजून कोणाला सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि वाचणाऱ्याने ती करू नये म्हणून ती आधी लिहिली.

धान कापणीच्या दिवसांत कंबर धरली. वाकून काम केल्याने धरली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. दिवाळीनंतरची जत्रा, आमची मंडई, भरली तेव्हा मी दंडारीचा खेळ बघायला गेलो नाही, कारण खाली बसता येत नव्हतं. पुढे उजवा खुबा, मग पाठ, मग बरगड्या. हे दुखणं हाडाच्या आत होतं. वरून कितीही चोळलं तरी त्याला हात लागत नव्हता. मोहाच्या बियांचं तेल झालं, शेक झाले, वैद्याचा काढा झाला. पौषात मी असा झालो की एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तर भागरताने वळवावं लागे. ती एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून हळूच वळवायची आणि मी तिला शिव्या द्यायचो. खोकला आला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. भात समोर आला की ताट लोटून द्यायचो. मांड्या काठीसारख्या झाल्या.

शेवटी वामनने गाडी जुंपली. केशोरीहून अर्जुनीपर्यंत बैलगाडीचा रस्ता, त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या हाडांना आठवतो. तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीने गोंदिया. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला कुशीवर झोपवून मागच्या बाजूने बोट घालून तपासलं. असं कोणी तपासतं हेच मला ठाऊक नव्हतं. तपासून झाल्यावर त्यांनी बराच वेळ हात धुतले, वामनला बाहेर नेऊन हिंदीत काहीतरी सांगितलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी दिली. वामन आत आला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

खिडकीपाशी धरलेला फोटो

नागपूरच्या दवाखान्यातली सकाळ लवकर सुरू व्हायची. झाडूवाली फरशी पुसून जायची, सिस्टर ताप बघायची काचेची नळी तोंडात द्यायची, मग जर्मनच्या मगात चहा. नऊच्या सुमारास मोठे डॉक्टर यायचे आणि त्यांच्या मागे शिकणारी पोरं. मला नीट वळता येत नव्हतं, पण त्यांना तपासायचं असायचं. एका सकाळी पाच-सहा जणांनी पाळीपाळीने तसंच बोट घालून तपासलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पुढे कळलं की त्या पोरांनी अशी घट्ट गाठ कधी हाताने ओळखली नव्हती आणि आता ओळखतील. हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर लाज थोडी कमी वाटली असती.

मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक धाकटे डॉक्टर होते, साकोलीकडचे. ते माझ्याशी आमच्या बोलीत बोलायचे. परक्या जागी आपली बोली कानावर पडली की अर्धं भय कमी होतं. त्यांनीच एक बारीक सुई घालून गाठीचा तुकडा काढला आणि एक्सरे घेतला.

निदान सांगितलं त्या दिवशी धाकटे डॉक्टर एक्सरेचा फोटो घेऊन माझ्या खाटेपाशी आले आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. माझीच कंबर, माझाच खुबा, पण त्यावर सगळीकडे पांढरे डाग. भिंतीला चुना देताना खाली शिंतोडे उडतात तसे. त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला. मी तो ऐकलेला होता, पण तो बायकांच्या छातीला आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाला होतो अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, पुरुषाला लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते, हा रोग तिथे सुरू झाला आणि रक्तातून हाडांत जाऊन बसला. इतक्या ठिकाणचं कापून काढता येत नाही.

मी विचारलं, किती दिवस. त्यांनी ते टाळलं नाही. असंच राहिलं तर या पावसाळ्यापर्यंत, म्हणाले.

मग ते खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी मला विचारलं की मी काय काम करतो. मी बैलांचं सांगितलं. ते जरा सरळ बसले.

"बाबा, गोऱ्हा खच्ची केल्यावर त्याचं का का बदलते?"

हे तर मला झोपेतही सांगता आलं असतं. मान बारीक होते, वशिंड बसतं, शिंगं लांब वाढतात, अंगावर चरबी येते, डोळ्यातला राग जातो.

"तुमी हात कुठं लावता?"

मी दाखवलं.

"आनि वशिंड कुठं आहे?"

"मानेवर."

"मंग तुमी मांगं हात लावला, हे वशिंडाले कोनं सांगतलं?"

 तीस-चाळीस वर्षं मी हे काम केलं होतं. गोऱ्हे आडवे पाडले, पाय बांधले, आणि पुढच्या वर्षी त्याच गोऱ्ह्याची उतरलेली मान बघून मालकाला म्हटलं की आता हा कामाचा झाला. पण मान का उतरली हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इतकी मोठी गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती आणि मी तिच्याकडे बैलाचा भाव म्हणून बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, अंडांमध्ये एक रस तयार होतो, तो रक्तात उतरतो आणि शरीरभर निरोप घेऊन फिरतो. वशिंडाला सांगतो वाढ. दाढीला सांगतो उगव. त्या सुपारीएवढ्या ग्रंथीलाही तोच सांगतो की वाढ. ती ग्रंथी कॅन्सरची झाली, हाडात जाऊन बसली, तरी ती अजून त्याच निरोपाची वाट बघते. निरोप आला की वाढते. नाही आला तर बहुतेक वेळा सुकते. परदेशात कुत्र्यांवर प्रयोग करताना हे पहिल्यांदा ध्यानात आलं आणि आता माणसांवर करतात.

मी म्हटलं, "म्हंजे तुमी मले खच्ची करता."

"हो," ते म्हणाले. दुसरा कोणता सौम्य शब्द त्यांनी वापरला नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

दोन दिवस

मी नाही म्हटलं.

आता सोपं वाटतं, तेव्हा नव्हतं. मी ज्यांना धरलं होतं त्या गोऱ्ह्यांचे डोळे मला दिसू लागले. खच्ची केलेल्या बैलाला लोक काय म्हणतात, कोणत्या माणसाला चिडवताना तो शब्द वापरतात, हे सगळं मी स्वतः म्हटलेलं होतं, पानाच्या पिचकाऱ्या टाकत, हसत. वामन तर पेटलाच. तो म्हणाला की बापाला घरी नेतो, अख्खा नेतो, जे व्हायचं ते आपल्या अंगणात होऊ दे. लोकं उद्या आमच्या घराला काय म्हणतील हेही तो म्हणाला. मला राग आला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं.

शेजारच्या खाटेवर गोंदियाचे एक तांदळाचे व्यापारी होते, लालाजी. त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना मराठी कळायचं. दोन दिवस ते आम्हा बाप-लेकाचं बोलणं ऐकत होते, पण मध्ये पडले नाहीत.

भागरता दवाखान्याच्या बाहेर व्हरांड्यात राहायची. तिथेच इतर गावांहून आलेल्या बायकांबरोबर तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करायची. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी वामनला, आणि वामनने तिला अर्धंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी ती आली, पदर सावरून थेट धाकट्या डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, की याने दुखणं थांबेल का.

ते म्हणाले, खात्री देत नाही, पण बहुतेकांचं थांबतं, आणि लवकर थांबतं.

ती माझ्याकडे वळली.

"मंग तुमी कायले विचार करून राहिले?"

मी म्हटलं, तुला समजलं नाही, काय कापणार आहेत ते. ती म्हणाली, समजलं आहे. वामन मान खाली घालून उभा होता. मुलासमोर पुढचं बोलायची तिला लाज वाटली असेल, पण ती बोलली. ती म्हणाली की लेकरं झाली, नाती झाल्या, आता त्याचं काय लोणचं घालायचं आहे. लालाजींनी तोंडावर चादर ओढून घेतली. ते हसत होते हे चादरीवरून दिसत होतं. वामनला हसू आलं नाही. मला मात्र आलं, आणि हसताना बरगड्या इतक्या दुखल्या की त्याच दुखण्यात मी हो म्हणून टाकलं.

तिसरी सकाळ

ऑपरेशन वीसेक मिनिटांचं. पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचं अंग नाहीसं झालं. मी जागा होतो. वरचा पंखा मोजून मोजून फिरत होता. कात्री ठेवल्याचा आवाज आला, कोणीतरी पाणी मागितलं, आणि संपलं. जेवढ्या वेळात मी गोऱ्हा बांधायचो तेवढाच वेळ.

पहिले दोन दिवस जखम दुखली. हाडंही दुखतच होती, निदान मला तसं वाटत होतं. कदाचित मला त्यांच्याकडे कान लावून पडायची सवय झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागरता चहा घेऊन आली आणि खाटेपाशी येऊन थांबली. तिने चहाचा मग खाली ठेवला.

"तुमाले कोनं वळवलं?"

मी डाव्या कुशीवर होतो. आदल्या संध्याकाळी तिने मला पाठीवर निजवलं होतं. सिस्टरला विचारलं, तिने हात लावला नव्हता. लालाजींना विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. म्हणजे झोपेत मी माझा मीच वळलो होतो, आणि कळ येऊन जागा झालो नव्हतो.

मी आडवा पडल्यापडल्या हाडं शोधू लागलो. खुब्यात शोधलं, पाठीत शोधलं. घरातली रोजची वस्तू जागेवर नसली की आपण पुन्हा पुन्हा त्याच कोनाड्यात हात घालतो, तसं. दुखणं नव्हतं. अगदीच नव्हतं असं नाही, उजव्या खुब्यात थोडी ठणक होती, पण चार महिने माझ्या हाडांत बसून मला ओरबाडणारं जे होतं ते उठून गेलं होतं. मी हात टेकले आणि उठून बसलो. भागरता फरशीवर खाली बसली आणि माझ्या खाटेच्या पायाला डोकं टेकून राहिली. ती रडली का हे मला दिसलं नाही.

लालाजी म्हणाले, "भाई, परसों तो तुम छींक से डरते थे." आणि त्यांनी हात जोडले. मला नव्हे, कोणाला ते मला कळलं नाही.

त्या सकाळी मला जे वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. आनंद होता, पण आनंदाच्या आधी एक दबलेपण आलं. सुरी लागली एका ठिकाणी आणि दुखणं विझलं दुसऱ्याच ठिकाणी. मधे वीतभर अंतर, आणि त्या अंतरात कोणी तार जोडलेली नाही, कोणी हाक मारलेली नाही. फक्त एक रस रक्तात येत होता, तो यायचा थांबला. माझ्या शरीरात जन्मापासून ही ये-जा चालू होती आणि मी त्यात राहत होतो, काहीही न जाणता. दुपारी भूक लागली. पहिला घास घेतला तेव्हा तांदळाला चव असते हे मला नव्याने कळलं. आठव्या दिवशी मी भिंत धरून वॉर्डच्या दारापर्यंत गेलो. मोठे डॉक्टर पोरांना घेऊन येत होते. ते बाजूला झाले आणि मला आधी जाऊ दिलं.

भागरताला ठाऊक असलेलं

घरी आल्यावर फाल्गुनातल्या एका सकाळी मी पडवीत बसलो होतो. हवेत अजून गारवा होता. एकाएकी छातीतून आग उठली, मानेवरून चेहऱ्यावर चढली, कानशिलं तापली आणि घामाने बंडी भिजली. मला वाटलं हा शेवट आहे. भागरता सुपात तांदूळ पाखडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

"मले तीन वरस हेच होत होतं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिची पाळी गेली त्या वर्षी धानाच्या रोवणीला चिखलात उभी असताना अशीच आग उठायची. वर पाऊस आणि आतून घाम. तिला वाटायचं आपण मरतो. सुनेला सांगायची लाज, मला सांगून उपयोग नाही. ती त्याच घरात, त्याच धानाच्या बांधीत, माझ्यापासून चार हातांवर तीन वर्षं जळत होती आणि मला पत्ताही नव्हता. तिने मला शिकवलं: गरम चहा घ्यायचा नाही, ओलं फडकं मानेवर ठेवायचं, दाराच्या वाऱ्याला बसायचं, घाबरायचं नाही, शंभर आकडे मोजेपर्यंत जाते.

पुढे धाकट्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की बाईच्या शरीरातही असाच एक रस असतो, वय झालं की तो आपोआप थांबतो. तिचा आपोआप थांबला, माझा सुरीने थांबवला, आणि दोघांच्या अंगात एकच आग उठली. बाई आणि पुरुष यांच्यात मी आयुष्यभर जेवढं अंतर धरून चाललो होतो तेवढं ते नसावं.

मला रोज एक पांढरी गोळी घ्यायची होती. त्यात बाईच्या अंगातल्या रसासारखं औषध होतं, उरलासुरला निरोपही अडवणारं. त्या गोळीने माझी छाती हुळहुळी झाली आणि पुढे थोडी वाढली. हेही लिहितो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरलो होतो. बोडीवर, गावच्या तळ्यावर, चारचौघांत आंघोळ करणं मी सोडलं. भागरताने काही न विचारता माझ्या बंड्या उसवून सैल शिवल्या. नवरा-बायकोचं जे असतं ते आमचं संपलं. ते गेलं याचं वाईट वाटलं, वाटत नाही असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. पण त्याच्या जागी आम्ही बोलू लागलो. एवढं आम्ही तीस वर्षांत बोललो नव्हतो.

वामन मात्र बोलत नव्हता. जेवायला वाढलं का, बैल पाजले का, एवढंच. गावात तो अंतर्गळाचंच सांगत होता. आषाढात चिखलणीला बांधीत पाणी भरलं. मी बांधावर उभा राहून बघत होतो. नवी जोडी होती, उजवा बैल ओढून घेत होता, वामनला आवरत नव्हता. त्याने दोन फेऱ्या मारल्या, बैल थांबवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बा, तू धर."

मी चिखलात उतरलो. आषाढ होता. याच पावसाळ्यापर्यंत मी असेन असं डॉक्टर म्हणाले होते. मी नांगर धरला, बैलाशी नेहमीसारखं बोललो, आणि त्याने ऐकलं. माझ्या आवाजात काही कमी झालं आहे असं त्याला वाटलं नाही. वामन बांधावर बसून राहिला आणि चिखल उडाल्याचं निमित्त करून त्याने दोनदा तोंड धुतलं.

काचेखालचं धान

पावसाळा संपल्यावर मी तपासणीला नागपूरला गेलो. एकटा गेलो, आणि छोट्या गाडीत जागा नव्हती म्हणून गोंदियापर्यंत उभा गेलो. नवा एक्सरे काढला. धाकट्या डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी धरले. चुन्याचे शिंतोडे फिके पडले होते, काही ठिकाणी शोधावे लागत होते. त्यांनी पुन्हा सुईने तुकडा काढला आणि दोन दिवसांनी मला वरच्या मजल्यावर घेऊन गेले. तिथे टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. एक डोळा मिटून बघायला त्यांनी शिकवलं.

आधी ऑपरेशनपूर्वीची काच लावली. जांभळे ठिपके, एकावर एक, दाट. प्रत्येक ठिपका फुगलेला, एकमेकांना ढकलत असलेला. पऱ्ह्यांसाठी बी फार दाट पडलं की रोपं अशीच एकमेकांच्या अंगावर चढतात. हे माझंच होतं. हे मला मारत होतं.

मग त्यांनी नवी काच लावली. मी बराच वेळ बघत राहिलो. मधे मोकळी जागा झाली होती. ठिपके आक्रसले होते, काही आतून पोकळ, नुसतं टरफल राहिल्यासारखे. दाणा न भरलेलं पोचट धान. या ठिपक्यांना कोणी हात लावला नव्हता, सुरीही नाही. फक्त निरोप आला नाही, आणि ते वाट बघत सुकले. इतक्या लहान वस्तूला वाट बघता येते, हे मला तिथे उभं असताना फार मोठं वाटलं. देवळात कधी वाटलं नव्हतं एवढं.

डॉक्टरांनी काच थोडी सरकवली. "इथं बघा, बाबा."

एका कोपऱ्यात चार-सहा ठिपके होते, भरलेले, टपोरे. त्यांना काहीच झालं नव्हतं.

ते म्हणाले की काही पेशी निरोपाविना जगायला शिकतात, किंवा पहिल्यापासून तशाच असतात, हे अजून कोणाला नीट ठाऊक नाही. आज त्या थोड्या आहेत. कधीतरी त्या वाढतील. कोणाला दोन वर्षं मिळतात, कोणाला चार, कोणाला जास्त. मला भीती वाटली, पण नुसती भीतीच नाही वाटली. माझ्याच अंगातला तो कण, उपासमारीत तग धरून बसलेला. मी त्याच्यावर रागावलो नाही. मी यंत्रावरून डोळा काढला आणि विचारलं की चालता येतंय तोवर शेत करू का. ते म्हणाले, करा.

हे तिसरं वर्ष आहे. या दिवाळीपासून उजव्या खुब्यात थोडं दुखतं. गोळी वाढवली आहे. मी अजून माझा मीच वळतो.

नवेगावकडचा माणूस

गेल्या महिन्यात नवेगावच्या पलीकडून एक जण बैलगाडीत पडून आला. नाव दसरू, वय माझ्याएवढंच. त्याला नागपूरच्या दवाखान्यातून हेच सांगितलं होतं आणि तो तिथून पळून आला होता. माझ्याबद्दल त्याला कुठून कळलं ते त्याने सांगितलं नाही. मी वर्षभर लपवलेलं इतक्या लांब पोचलं होतं. त्याला आत आणून निजवलं, त्याची बायको पडवीत बसली. मी दार लोटून घेतलं आणि धोतर सोडून त्याला सगळं दाखवलं, जखमेची खूण आणि छातीसुद्धा. त्याने बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. मी त्याला गोऱ्ह्याचं वशिंड सांगितलं, काचेखालचं सांगितलं, कोपऱ्यातले ते टपोरे दाणेही सांगितले. लपवलं काहीच नाही.

 मग त्याने हळू आवाजात विचारलं, "घरची का म्हन्ते?"

मी म्हटलं तिलाच विचार, आणि भागरताला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत दारात उभी राहिली. दसरूने तोंड भिंतीकडे केलं, म्हणून मीच तिला प्रश्न सांगितला.

"दीड-दोन महिने मी या मानसाले कुशीवर वळवत होती," ती म्हणाली. "आता हा बजारात जाते, कांदे आनून देते, आनि बसून गोष्टी सांगते. मले का वाईट वाटन?"

दसरूने भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग त्याने विचारलं की अर्जुनीहून गोंदियाची गाडी किती वाजता सुटते. मी सांगितलं. पडवीतून त्याच्या बायकोने विचारलं, सकाळची की दुपारची, म्हणजे तिला भाकरी बांधून घेता येतील.